‘आमची’ मोटार जिंकली!

अमेरिकेत शार्लट नावाच्या शहरी माझा भाचा एका बँकेत नोकरीला आहे. मुलगा गुणी, हिशेबाला चोख. भाजीवाल्याने चार आणे जास्त लावले तरी पुन्हा बेरीज करावयाला लावणाऱ्या माझ्या बहिणीचा तो चिरंजीव, तेव्हा ते रक्तातच आहे. मागे एका सोमवारी सकाळी मी दाढी करीत असताना त्याचा फोन आला. तिकडे रविवारची रात्र होती. “मामा, आमची जिंकली!” तो ओरडला. मला वाटले, सूनबाई कोठल्याशा निवडणुकीला उभी राहिली असावी.

“कोण रे जिंकली?”

“शेव्हरलेट! शेवटच्या फेरीत टोयोटाला मागं टाकलं!”

मी वस्तरा खाली ठेवला. “तुझे त्या कंपनीत शेअर आहेत?”

“नाहीत.”

“मग दारी गाडी तरी तिची असेल.”

“छे, माझी होंडा आहे.”

“मग ‘आमची’ कशी काय रे?”

तो हसला. म्हणाला, “मामा, तुम्हाला नाही कळायचं ते.”

नाही कळायचे म्हणतो! ज्याला बारशाच्या दिवशी मी मांडीवर घेतले त्याने मला असे म्हणावे, आणि मी गप्प बसावे? त्या दिवसापासून मी अमेरिकेतल्या या ‘स्टॉक कार’ शर्यतींचा इतिहास मिळेल तेथून वाचून काढला. जे कळले ते आज फराळाचे ताट बाजूला सारून आपल्यापुढे ठेवीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : या शर्यतीत ‘आमची’ हा शब्द फक्त एका बाजूने उच्चारला जातो. प्रेक्षक कंपनीला ‘आमची’ म्हणतो. कंपनी प्रेक्षकाला गिऱ्हाईक म्हणते, आणि हिशेब जुळेनासा झाला की तेही म्हणत नाही.

आधी नावाचाच मासला पाहा. ‘स्टॉक’ म्हणजे दुकानातला माल. जी मोटार तुम्ही-आम्ही पैसे मोजून घरी आणू शकतो तिचीच शर्यत, म्हणून ती ‘स्टॉक कार’ शर्यत. दक्षिणेकडच्या राज्यांत चोरटी दारू वाहून नेणारी पोरे पोलिसांच्या हातावर तुरी देण्यासाठी साध्या गाड्यांची यंत्रे तेज करीत. त्यांच्यातूनच पुढे चांगले चांगले शर्यतवीर निघाले. १९४८ साली बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने ‘नॅस्कार’ ही संस्था स्थापन केली आणि १९ जून १९४९ रोजी याच शार्लट शहरी अस्सल दुकानी मोटारींची पहिली शर्यत भरविली. ग्लेन डनअवे नावाचा चालक फोर्ड गाडी घेऊन पहिला आला. परीक्षकांनी गाडी उलटीपालटी करून पाहिली. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला आढळला. झाले, डनअवे बाद! लिंकन मोटार हाकणाऱ्या जिम रोपरला विजयी ठरविण्यात आले. दोन स्प्रिंगांसाठी पहिला नंबर गेला! माझा या कडकपणाला मुजरा आहे.

आता तोच नियम घेऊन आजच्या मैदानावर जा. २०२२ पासून जी नवी गाडी या शर्यतीच्या वरच्या श्रेणीत आली तिचा सांगाडा सर्वांना एकाच कारखान्यातून मिळतो, गिअरपेटी एकाच कारखान्याची, चाके एकाच जातीची. कंपनीचे स्वतःचे म्हणाल तर इंजिन आणि वरची झूल. पुढचे दिवे? ते दिवे नव्हेत, दिव्यांची चित्रे आहेत! टोयोटाची कॅमरी घ्या. दुकानातल्या कॅमरीत २०२५ च्या मॉडेलपासून चार सिलिंडरांचे इंजिन आणि जोडीला विजेची मोटर, आणि जोर प्रामुख्याने पुढच्या चाकांवर. मैदानातल्या कॅमरीत आठ सिलिंडरांचे धूड, आणि जोर मागच्या चाकांवर. दोघींत नावाखेरीज साम्य ते काय? शेव्हरलेटची तऱ्हा तर याहून न्यारी. कॅमॅरो ही मोटार कारखान्यात बनावयाची २०२३ च्या अखेरीस थांबली. पण २०२४ आणि २०२५ च्या शर्यतींत कॅमॅरो आपली धावतेच आहे. कारखान्यात जिचे बनणे थांबले तिच्या नावाने मैदानात जयजयकार! आमच्याकडे याला नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात. पण येथे सोनूबाईच्या हाती कथलाचाही वाळा नाही, वाळ्याचे चित्र आहे.

मग कंपन्या यात पैसा का ओततात? त्याचे उत्तर एका जुन्या घोषणेत आहे : रविवारी जिंका, सोमवारी विका. ही घोषणा मोटारधंद्यात वेदवाक्यासारखी सांगितली जाते. वेदवाक्यच ते, तेव्हा कोणी तपासून पाहत नाही. आपण पाहू. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हडसन कंपनीच्या ‘हॉर्नेट’ मोटारीने मैदान गाजविले. १९५२ साली चौतीस शर्यतींपैकी सत्तावीस तिने जिंकल्या. सत्तावीस रविवार जिंकणाऱ्या कंपनीने सोमवारी काय विकले? विक्री घसरत गेली. १९५४ मध्ये हडसनला नॅश कंपनीशी सोयरीक करावी लागली आणि १९५७ मध्ये तिच्या नावाची पाटीच उतरली. रविवार ज्याने जिंकला त्याचा सोमवार कोणी विचारला नाही.

त्याच १९५७ च्या जून महिन्यात आणखी एक नाटक झाले. त्यापूर्वी दोन वर्षे फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत एक मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली होती. लोकमत बिथरले होते. तेव्हा अमेरिकेतल्या मोटार कारखानदारांच्या संघटनेने ठराव केला की यापुढे आम्ही शर्यतींना हातभार लावणार नाही आणि जाहिरातींत वेगाची बढाई मारणार नाही. किती सज्जनपणा! पुढच्या दाराला कुलूप लागले, आणि मागच्या दाराने सुटे भाग, इंजिने व पैसा यांची ये-जा सुरू झाली. दाखवावयाचे दात वेगळे नि खावयाचे वेगळे. शेवटी जून १९६२ मध्ये फोर्डने हा ठराव उघडपणे झुगारून दिला, तर जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सने एकाएकी आपले सर्व दरवाजे बंद केले. त्या वर्षीच्या डेटोनाच्या पाचशे मैलांत पहिले पाचही नंबर फोर्डने घेतले. शेव्हरलेटच्या जिवावर हंगाम काढू पाहणाऱ्या चालकांनी काय करावे, हे काही कोणी ठरावात लिहिले नव्हते.

येथपर्यंत वाचून आपण म्हणाल, श्रीमंतांचे खेळ आहेत, पैसा त्यांचा, त्यांनी उधळावा. तुमच्या पोटात का दुखते? पैशापुरते असते तर मी हे लिहावयास बसलोच नसतो. १९६४ साल पाहा. क्रायस्लर कंपनीने फोर्डला शह देण्यासाठी ‘हेमी’ नावाचे प्रचंड इंजिन उतरविले. डेटोनाच्या मैदानावर १९६३ साली जो वेग ताशी एकशे साठ-पासष्ट मैलांच्या आसपास होता तो एका वर्षात पावणेदोनशे मैलांच्या घरात गेला. रिचर्ड पेटीने प्लिमथ मोटारीतून शर्यत मारली, क्रायस्लरने जाहिराती दिल्या. वेग एका वर्षात वाढविता येतो. टायर, पेट्रोलची टाकी आणि माणसाची मान एका वर्षात मजबूत होत नाही. जानेवारीत रिव्हरसाइडला जो वेदर्ली गेला. सलग दोन वर्षांचा विजेता, पण खांद्यावरून घ्यावयाचा पट्टा नाही, खिडकीला जाळी नाही. मे महिन्यात शार्लटला फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी उलटून पेटली. नेड जॅरेट नावाच्या प्रतिस्पर्ध्याने धावत जाऊन त्याला आगीतून ओढून काढले. जुलैच्या दोन तारखेला त्याने इस्पितळात प्राण सोडला. सप्टेंबरात टायरची चाचणी करताना जिमी पारड्यू गेला. एका वर्षात तीन. वेदर्ली मर्क्युरीचा, रॉबर्ट्स फोर्डचा, पारड्यू प्लिमथचा. मृत्यूने मात्र कोणत्याच कंपनीचा पक्षपात केला नाही.

आता तरी कारखानदारांनी डोके शांत ठेवून एकत्र बसावे की नाही? पण छे! १९६५ साठी नॅस्कारने हेमी इंजिनाला बंदी केली, आणि क्रायस्लर रुसून बसली. पंगतीतला जावई रुसतो तशी. शर्यतीचा राजा मानला गेलेला रिचर्ड पेटी, त्याला कंपनीबरोबर मैदान सोडावे लागले. मग करावयाचे काय? सरळ रस्त्यावर दोन गाड्या सोडण्याच्या शर्यतींत तो उतरला. फेब्रुवारी १९६५ मध्ये जॉर्जिया राज्यात अशाच एका शर्यतीत त्याची गाडी भरकटली आणि गर्दीत शिरली. आठ वर्षांचा एक मुलगा त्यात ठार झाला. त्या पोराला हेमी म्हणजे काय आणि बंदी म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मी पेटीला दोष देत नाही. असे ओझे घेऊन जगणे सोपे नसते. पण दोन कचेऱ्यांच्या मानापमानात तो तेथे येऊन पडला होता, हे विसरावयाचे कसे?

इकडे क्रायस्लर नाही, जनरल मोटर्स नाही. तेव्हा १९६५ च्या पंचावन्न शर्यतींपैकी अठ्ठेचाळीस फोर्डने जिंकल्या. यात शर्यत कोठे आली? प्रेक्षक घरी बसले. मैदानवाले कासावीस झाले. तेव्हा बिल फ्रान्सने काय करावे? चालकांची युनियन काढू पाहिली म्हणून १९६१ मध्ये ज्या कर्टिस टर्नरला त्याने जन्मभरासाठी हाकलून दिले होते, त्यालाच परत बोलाविले! जन्मभर म्हणजे चार वर्षे, हा नवा हिशेब मला त्या वेळी कळला. तत्त्वासाठी हाकलले आणि तिकिटांसाठी परत आणले. पुढच्या वर्षी रुसण्याची पाळी फोर्डची. तिच्या नव्या इंजिनावर जाचक अटी घातल्या म्हणून १९६६ च्या एप्रिलमध्ये तीही उठून गेली. १९६५ चा अजिंक्यवीर होता नेड जॅरेट, तोच तो, रॉबर्ट्सला आगीतून काढणारा. फोर्डसाठी त्याने मुकुट मिळविला होता. फोर्ड गेली तशी त्याच्या हाताखालची गाडीही गेली, आणि त्याच वर्षी वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्याने शर्यतींना रामराम ठोकला. गरज सरो वैद्य मरो!

हे झाले ज्यांच्यावर कारखान्याची मर्जी होती त्यांचे. ज्यांच्यावर ती कधी बसलीच नाही त्यांचे काय? व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावचा वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक. जुन्या गाड्या विकत घ्यावयाच्या, स्वतःच मेकॅनिक व्हावयाचे, मुलांना मदतनीस म्हणून बरोबर न्यावयाचे, आणि कारखान्यांनी पोसलेल्या संघांशी टक्कर द्यावयाची, असा त्याचा संसार. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला जुन्या शेव्हरलेटमधून तो पहिला आला. म्हणजे जनरल मोटर्सने हात झटकले त्याच वर्षी! तेथे पंचांनी बक बेकरला विजयी म्हणून करंडक दिला. फेऱ्या मोजण्यात चूक झाली, असे मागाहून मान्य केले. बक्षिसाचे पैसे स्कॉटला मिळाले, करंडक काही मिळाला नाही. १९९० मध्ये तो वारला. त्याच्या कुटुंबाच्या हाती करंडक पडला तो २०२१ साली. जवळजवळ पाचशे शर्यती तो धावला, पण कारखान्याचा भरघोस पाठिंबा त्याला कधीच लाभला नाही. ज्या एका माणसाने आपल्या बळावर कंपनीचे नाव पहिल्या नंबरावर नेले, त्याच्याकडे कंपनीची पाठ होती. ‘आमची’ हा शब्द किती एकतर्फी आहे, याला याहून मोठा पुरावा कोणता हवा?

वेडाचा कळस १९६९ आणि १९७० मध्ये झाला. फोर्ड आणि क्रायस्लर यांनी वारा कापण्यासाठी गाड्यांना लांब नाके लावली. क्रायस्लरने तर शेपटाकडे माणसाच्या कमरेहून उंच पंख उभारला. नियम असा की शर्यतीतली गाडी दुकानातही ठेवली पाहिजे. म्हणून डॉजच्या ‘डेटोना’ गाड्या पाचशेंवर आणि प्लिमथच्या ‘सुपरबर्ड’ एकोणीसशेंवर बनवून विक्रेत्यांच्या गळ्यात बांधल्या. पेटी प्लिमथ सोडून वर्षभर फोर्डकडे गेला होता. सुपरबर्डने त्याला परत आणले. २४ मार्च १९७० रोजी टॅलाडेगाच्या मैदानावर बडी बेकरने डॉजमधून ताशी दोनशे मैलांची वेस ओलांडली. शाबास! पण बाजारात शिंग फुटलेली ती गाडी कोणी घेईना. कित्येक विक्रेत्यांनी नाक आणि पंख काढून तिला साध्या गाडीचे रूप दिले आणि मिळेल त्या भावाने विकली. तेव्हा अडगळ ठरलेली तीच गाडी आज लिलावात लाखो डॉलरांना जाते, हा दैवाचा विनोद. पण तो नफा त्या वेळच्या विक्रेत्याच्या पदरी पडलेला नाही. १९७० च्या नोव्हेंबरात फोर्डने शर्यतीतून अंग काढून घेतले, पुढच्या वर्षी क्रायस्लरने आपला पसारा दोन गाड्यांवर आणला. रिकामी झालेली गादी कोणी घेतली? सिगारेटवाल्यांनी! १९७१ च्या आरंभी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी झाली आणि त्याच साली या शर्यतींच्या मालिकेला विन्स्टन सिगारेटचे नाव लागले. ते २००३ पर्यंत टिकले.

कोणी म्हणेल, या जुन्या कहाण्या झाल्या. मग २०१२ ची ऐका. ब्रॅड केसेलोव्स्की डॉज चालवून त्या वर्षीचा अजिंक्यवीर झाला. आणि डॉजने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर केले होते की हंगाम संपला की आम्ही चाललो! विजयाचा हार गळ्यात आणि निरोपाचा नारळ हातात, असा सोहळा मी तरी अन्यत्र पाहिला नाही.

माझ्या भाच्याने या सर्वांवर दोन आक्षेप घेतले. ते मी प्रामाणिकपणे नोंदवितो. पहिला असा की शर्यतीत गाडीची परीक्षा होते आणि त्यातून तुमची-आमची गाडी सुधारते. काही अंशी खरे आहे. टायर सुधारले, पेट्रोलच्या टाकीत न फुटणारी पिशवी आली, तीही रॉबर्ट्सच्या चितेनंतर. पण मला हे सांगा, दुकानातल्या अमेरिकन मोटारींतून १९९० च्या सुमारास जो कार्ब्युरेटर नाहीसा झाला, तो या ‘प्रयोगशाळेत’ २०११ च्या अखेरपर्यंत कसा नांदत होता? विद्यार्थी वीस वर्षे पुढे आणि गुरुजी मागे, अशी ही शाळा! आणि चालकाच्या मानेला आधार देणारे साधन १९८० नंतरच्या दशकातच तयार झाले असताना ते सक्तीचे केव्हा झाले? ऑक्टोबर २००१ मध्ये; मे २००० ते फेब्रुवारी २००१ या काळात चार चालक गेल्यावर, आणि त्यांतला चौथा डेल अर्नहार्टसारखा लाडका वीर होता म्हणून!

दुसरा आक्षेप असा की हा निर्मळ आनंद आहे. लोक ओरडतात, घरी जातात. निर्मळ? मग ३ नोव्हेंबर २०२४ रोजी मार्टिन्सव्हिलला काय झाले? शेव्हरलेटचा एक चालक अंतिम फेरीच्या काठावर होता. त्याच्या मागे शेव्हरलेटचेच दोन चालक भिंतीसारखे शेजारी शेजारी धावत राहिले आणि त्याला कोणी ओलांडू दिले नाही. टोयोटाच्या एका चालकाने आपला वेग कमी करून दुसऱ्या टोयोटाला एक जागा बहाल केली. नॅस्कारने तिन्ही संघांच्या मालकांना आणि चालकांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड केला आणि पन्नास पन्नास गुण कापले. संघ वेगळे, मालक वेगळे. सामाईक काय, तर झुलीवरचे नाव. त्या नावासाठी माणसे शर्यतीत न धावण्याची शर्यत लावू लागली! तिकीट काढून आलेल्या बापाने खांद्यावरच्या पोराला ते काय म्हणून दाखवावे?

मी कारखानदारांना हाकलून द्या असे म्हणत नाही. त्यांच्या पैशावाचून हा खेळ आज उभा राहणार नाही, हे मलाही कळते. मी दोनच गोष्टी मागतो. एक, जी गाडी दुकानात मिळत नाही तिला दुकानातल्या गाडीचे नाव देऊ नका. नाव हवे असेल तर १९४९ चा परीक्षक परत बोलवा. दुसरी, मैदानात यावयाचे तर काही वर्षांचा करार करून या, आणि जाताना चालकाच्या, कामगारांच्या नि छोट्या मालकांच्या पोटाची सोय लावून जा. भाडेकरूलासुद्धा आपण महिन्याची नोटीस देतो. अजिंक्यवीराला तेवढीही नसावी?

आणि वाचकहो, उद्या पाडवा. आपल्यापैकी किती तरी घरी नवी गाडी येईल, तिला हार घातला जाईल, चाकाखाली लिंबू ठेवले जाईल. खुशाल ठेवा. हप्ते आपण भरणार, तेव्हा तिला ‘आमची’ म्हणण्याचा हक्क आपला आहे. कंपनीला म्हणू नका, एवढेच.

हे सर्व मी भाच्याला फोनवर ऐकविले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “मामा, पण मैदानात जाऊन माणूस गप्प कसा बसेल? कुणाच्या तरी नावानं ओरडायला तर हवं!”

“ओरड की,” मी म्हटले, “वेंडेल स्कॉटच्या नावाने ओरड. साठाहून अधिक वर्षे उशीर झाला आहे.”